शिक्षण, संस्कृती आणि खेळ: मुलांचे हक्क कायद्यात नेमके कुठे आहेत?

शाळेने प्रवेश नाकारला तर त्याविरुद्ध तक्रार करता येते, हे महाराष्ट्रातल्या बऱ्याच पालकांना आता ठाऊक झाले आहे. शिक्षण हक्क कायद्यासाठीचा ‘आरटीई’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला आहे. मात्र शाळेला मैदानच नसेल, घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून न समजणाऱ्या भाषेत धडे ऐकावे लागत असतील, किंवा शाळा, शिकवणी आणि गृहपाठ यांत मुलाचा सगळा दिवस संपून त्याला स्वतःचा असा तासभरही उरत नसेल, तर तिथेही कायद्याने दिलेल्या हक्काचा प्रश्न येतो का, असे विचारले की आपण थबकतो. उत्तर ‘हो, येतो’ असेच आहे. फक्त या तीन हक्कांची कायद्यातली ताकद सारखी नाही. शिक्षणाचा हक्क सविस्तर लिहिलेला आहे आणि तो न्यायालयात मागता येतो. भाषेचा आणि संस्कृतीचा हक्क मान्य आहे, पण ‘शक्य तेथवर’ अशा अटीने सैल झालेला आहे. आणि खेळाचा व विश्रांतीचा हक्क निरनिराळ्या कायद्यांत इतका विखुरलेला आहे की तो आहे हेच सहसा लक्षात येत नाही. हे तिन्ही हक्क एकत्र वाचल्याशिवाय त्यांतला कोणताही एक नीट समजत नाही, असे माझे मत आहे, आणि पुढची मांडणी त्याच दृष्टीने केली आहे.

मूळ करार

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तो मान्य केला. अमेरिका सोडली तर संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी त्याला मान्यता दिली आहे. या करारानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘मूल’ आहे. करारात एकूण ५४ अनुच्छेद असून त्यांतले २८ ते ३१ हे चार आपल्या विषयाचे आहेत.

अनुच्छेद २८ शिक्षणाचा हक्क मान्य करतो: प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे आणि मोफत, माध्यमिक शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात, आणि शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धक्का न लावणारी. अनुच्छेद २९ त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो, की हे शिक्षण कशासाठी? त्याचे उत्तर गुण किंवा नोकरी असे दिलेले नाही. मुलाचे व्यक्तिमत्त्व, त्याच्यातली कला आणि त्याची शारीरिक व बौद्धिक क्षमता पूर्णपणे फुलावी, आपल्या आईवडिलांबद्दल, आपल्या भाषेबद्दल आणि संस्कृतीबद्दल तसेच इतरांच्या संस्कृतीबद्दल त्याला आदर वाटावा, यासाठी शिक्षण द्यायचे आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्य आणि आदिवासी समाजांतल्या मुलांबद्दल आहे: आपल्या समाजाच्या माणसांसोबत आपली संस्कृती जगण्याचा, आपला धर्म पाळण्याचा आणि आपली भाषा वापरण्याचा हक्क त्यांना नाकारता येणार नाही. अनुच्छेद ३१ विश्रांती, मोकळा वेळ, वयाला साजेसे खेळ आणि करमणूक, तसेच सांस्कृतिक जीवनात व कलांमध्ये मुक्तपणे भाग घेणे, हे सगळे मुलाचे हक्क म्हणून नोंदवतो.

करार मान्य केला म्हणजे त्यातला प्रत्येक शब्द भारतातल्या न्यायालयात लगेच लागू झाला, असे होत नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार देशातल्या कायद्यातून अमलात यावा लागतो. संसदेने तसा कायदा केला तर तो थेट लागू होतो. केला नसेल तर न्यायालये संविधानातल्या मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना कराराचा आधार घेतात, मात्र देशातल्या कायद्याला डावलून नाही. शिवाय आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांबाबत करारानेच राज्यांना थोडी सवलत दिली आहे: उपलब्ध साधनसामग्री जास्तीत जास्त वापरून या हक्कांसाठी पावले उचलावीत, असे अनुच्छेद ४ सांगतो. याचा अर्थ ‘जमेल तेव्हा करू’ असा नव्हे. काही न करता बसून राहणे आणि दिलेले मागे घेणे, या दोन्ही गोष्टी कराराच्या विरोधात जातात.

शिक्षण: सव्वाशे वर्षांची मागणी

सक्तीचे शिक्षण हा विचार आपल्याकडे परदेशी करारातून आलेला नाही, हे मराठी वाचकाने विशेषत्वाने लक्षात ठेवावे. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये बडोदे संस्थानातल्या अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात यासाठी विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. ब्रिटिश सरकार खर्चाचे कारण पुढे करत होते, त्या काळात दोन मराठी संस्थानिक हे काम प्रत्यक्ष करून दाखवत होते.

संविधानाने मात्र सुरुवातीला हा हक्क मूलभूत हक्कांत घेतला नाही. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे न्यायालयात थेट मागता न येणारे उद्दिष्ट, होते. ती मुदत १९६० मध्ये संपली आणि त्यानंतरही तीस वर्षे गेली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की जगण्याच्या हक्कात १४ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क अंतर्भूत आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि ६ ते १४ वयोगटातल्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत झाला. तो प्रत्यक्षात आणणारा ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम’ २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आपण बोलताना त्यालाच आरटीई म्हणतो.

या कायद्यातल्या ‘सक्ती’बद्दल मोठा गैरसमज आहे. ही सक्ती प्रामुख्याने सरकारवर आहे, मुलावर नाही. प्रत्येक मुलाला प्रवेश मिळेल, ते रोज शाळेत येईल आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करील, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने शासनावर आणि जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांसारख्या स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. पालकाने मुलाला शाळेत दाखल करणे हे कर्तव्य आहे, पण शाहू महाराजांच्या हुकमाप्रमाणे त्यासाठी दंड नाही. ‘मोफत’चा अर्थही केवळ फी माफ असा नाही, ज्या खर्चामुळे मुलाचे शिक्षण अडेल असा कोणताही खर्च त्याच्यावर टाकता येत नाही.

कायद्याची खरी कसोटी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत लागते, म्हणून तिथे थोडे थांबू. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणतात, आणि मुले त्या कोयत्याबरोबर फडावर जातात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू झालेले असते आणि मूल नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात, प्रसंगी कर्नाटकात पोहोचलेले असते. अशा मुलासाठी आरटीईत एकापाठोपाठ एक तरतुदी आहेत. त्याला राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा आहे, विलंब केल्यास त्याच्यावर कारवाई होऊ शकते, आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नसला, वर्षाच्या मध्ये आले, तरी प्रवेश द्यायचा आहे. दहा वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल तर त्याला पहिलीत बसवायचे नाही. वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचे आहे, आणि तसे करताना त्याचे वय १४ च्या पुढे गेले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच राहते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून वेगळे नमूद केलेले आहे. साखरशाळा, गावातच आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे, सोबत न्यायचे शिक्षण हमी कार्ड, हे उपाय याच कर्तव्यातून आलेले आहेत. ते अपुरे पडतात हे उघड आहे. परंतु फडावरच्या मुलाला शाळा मिळणे हा कोणाच्या दयेचा विषय नसून त्याचा दावा आहे, ही गोष्ट कायद्याने पक्की केली आहे.

खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागांबद्दल सर्वाधिक चर्चा होते. पहिलीत, आणि शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथेही, या जागा वंचित गटांतल्या व दुर्बल घटकांतल्या परिसरातील मुलांसाठी आहेत आणि त्यांचा खर्च शासनाने ठरलेल्या दराने भरून द्यायचा आहे. अल्पसंख्याकांच्या शाळा यातून वगळल्या गेल्या, हा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ आणि २०१४ च्या निकालांचा परिणाम आहे. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून असे ठरवले, की एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर हे २५ टक्क्यांचे बंधन राहणार नाही. शहरांत अशी शाळा जवळ नाही असे फारसे होत नाही, त्यामुळे हा बदल टिकला असता तर तरतूद नावापुरती उरली असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला, कारण संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याला नियमांच्या आडून काढून घेता येत नाही. पालकांनी आणि संघटनांनी न्यायालयात जाऊन हक्क वाचवल्याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण आहे.

कायद्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. करार १८ वर्षांपर्यंत बोलतो, आरटीई ६ ते १४ वर्षांपर्यंतच. सहा वर्षांखालच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण हे आजही मार्गदर्शक तत्त्वच आहे. दुसऱ्या टोकाला, २५ टक्क्यांतून खासगी शाळेत शिकलेले मूल नववीत जाते तेव्हा हा कायदा संपतो आणि शाळा पूर्ण फी मागू शकते. नऊ-दहा वर्षे एका शाळेत घालवलेल्या मुलाला त्या वळणावर शाळा सोडावी लागणे मला या कायद्यातली सर्वांत क्रूर पोकळी वाटते. अपवाद एका गटाचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आरटीईतली नापास न करण्याची तरतूदही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही: २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा, दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि त्यानंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे मात्र कायम आहे. तसेच आरटीईच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे; छडी तर नाहीच, पण वर्गासमोर मुलाचा अपमान करणेही कायद्याला मान्य नाही.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

संस्कृतीचा हक्क म्हटला की स्नेहसंमेलन आणि लेझीम डोळ्यांसमोर येते. कायद्याच्या दृष्टीने त्याचा गाभा भाषा हा आहे. संविधानाचा अनुच्छेद २९ स्वतःची भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या प्रत्येक नागरिकसमूहाला ती जपण्याचा हक्क देतो, आणि अनुच्छेद ३० भाषिक व धार्मिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा. १९५६ मध्ये भाषावार राज्यरचनेच्या वेळी अनुच्छेद ३५०-क आला: भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी प्रत्येक राज्याने करण्याचा प्रयत्न करावा. बेळगावातल्या मराठी मुलासाठी ही तरतूद जितकी महत्त्वाची आहे, तितकीच ती सोलापुरातल्या तेलुगू किंवा कन्नड मुलासाठी आहे. मुंबई महानगरपालिका मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा चालवते, ती याच तत्त्वाची प्रत्यक्ष रूपे आहेत.

आरटीईचे कलम २९ म्हणते, की शिक्षणाचे माध्यम ‘शक्य तेथवर’ मुलाची मातृभाषा असावे. सगळा प्रश्न या दोन शब्दांत अडकला आहे. आणि दुसऱ्या बाजूने, २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले, की कोणत्या माध्यमात शिकायचे हे निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाचे आणि त्याच्या वतीने पालकांचे आहे. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेचे माध्यम सर्व शाळांवर सक्तीने लादता येणार नाही. म्हणजे मातृभाषेतून शिक्षण मागता येते, लादता येत नाही.

मराठी माणूस हा प्रश्न बहुधा मराठी विरुद्ध इंग्रजी असा पाहतो. नंदुरबारमधल्या पावरी किंवा मावची बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या, पालघरमधल्या वारली बोलणाऱ्या मुलासाठी मात्र मराठी हीच शाळेत येऊन नव्याने शिकायची भाषा असते. आपल्या मराठीसाठी आपण जे मागतो ते या मुलांना द्यायला आपण तयार आहोत का, हा प्रश्न मराठी समाजाने टाळू नये. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी भाषेतून शिकवणारी शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. आरटीईनुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही आणि तशी चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षण विभागाने नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. मान्यतेची अट मुलांच्या हितासाठीच आहे, कारण इमारत, शिक्षक, स्वच्छतागृह यांची किमान पातळी तिच्यामुळे राखली जाते. पण कायद्यातल्याच ‘मातृभाषेतून’ या शब्दांना प्रतिसाद म्हणून एक गाव पुढे येते, तेव्हा राज्याचे पहिले पाऊल दंडाचे नव्हे, तर त्या शाळेला मान्यतेच्या पात्रतेपर्यंत नेण्याचे असायला हवे. करारातला अनुच्छेद ३० एवढेच मागतो.

करारातल्या ‘सांस्कृतिक जीवना’ची दुसरी बाजूही आहे, ती म्हणजे कला आणि वाचन. आरटीईच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितले आहे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व सर्व विषयांच्या पुस्तकांबरोबर गोष्टींची पुस्तकेही असावीत, असा स्पष्ट उल्लेख आहे. सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुले असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमायचे आहेत. म्हणून गोष्टीचे पुस्तक कुलूपबंद कपाटात असणे आणि चित्रकलेला कोणी नसणे, ही केवळ शाळेची गैरसोय मानता येत नाही; कायद्याने सांगितलेली सोय तिथे दिली गेलेली नाही, असे म्हणावे लागते.

खेळ आणि रिकामा वेळ

आता सर्वांत दुर्लक्षित हक्काकडे वळतो. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या बालहक्क समितीने २०१३ मध्ये अनुच्छेद ३१ चे सविस्तर स्पष्टीकरण काढले. त्यात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ या तीन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. विश्रांती म्हणजे श्रमातून, अभ्यासातून सुटका आणि पुरेशी झोप. मोकळा वेळ म्हणजे ज्या वेळेवर कोणाचे बंधन नाही असा वेळ. आणि खेळ म्हणजे मुलांनी स्वतः सुरू केलेली, स्वतः चालवलेली, दुसऱ्या कोणत्याही फायद्यासाठी न केलेली कृती. या व्याख्येने क्रिकेटच्या शिबिरात रोज दोन तास घाम गाळणारे मूल क्रीडाप्रशिक्षण घेत असते; त्याचा खेळण्याचा हक्क तेवढ्याने पुरा होत नाही.

भारतात ‘मुलांचा खेळण्याचा हक्क’ अशा नावाचा कायदा नाही. तरीही एक तरतूद अशी आहे, जी या सगळ्याला पाया देते आणि जिच्याकडे वकिलांचेही फारसे लक्ष जात नाही. बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ मध्ये ‘बालहक्क’ या संज्ञेच्या व्याख्येतच १९८९ च्या करारातले हक्क समाविष्ट केले आहेत. त्यामुळे अनुच्छेद ३१ मधील खेळ, विश्रांती आणि कला हे राष्ट्रीय आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगांच्या अधिकारक्षेत्रात येतात, आणि त्यांच्या भंगाबद्दल आयोगापुढे जाता येते.

मैदानाबाबत आरटीई निःसंदिग्ध आहे: परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान आणि खेळाचे साहित्य आवश्यक मानले आहे. हरियाणातल्या यमुनानगर जिल्ह्यात शाळेच्या मैदानासाठीच्या जागेवर झालेले अतिक्रमण बाजारभावाने पैसे घेऊन कायम करण्याचा आदेश तिथल्या उच्च न्यायालयाने दिला होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, मैदानाशिवाय शाळा असूच शकत नाही असे स्पष्ट केले आणि अतिक्रमण करणाऱ्यांना बारा महिन्यांत जागा मोकळी करायला सांगितले. शाळेबाहेरच्या जागेबद्दल १९९१ चा बंगळुरूचा निकाल उपयोगी पडतो: नगरविकास आराखड्यात उद्यानासाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे हे मान्य केले. आपल्या शहराच्या विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ म्हणून आरक्षित भूखंड कोणते आहेत, हे महानगरपालिकेत पाहता येते. त्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल तर हरकती मागवाव्या लागतात आणि ती हरकत कोणीही नागरिक घेऊ शकतो.

वेळेचा प्रश्न जागेपेक्षा अवघड आहे. आरटीईने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन सांगितले आहे. भागाकार केला तर दिवसाला चार ते साडेचार तास येतात. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर मुलाचा शिकण्याचा दिवस एवढाच होता. मात्र ही किमान मर्यादा आहे. कमाल मर्यादा कुठल्याच कायद्यात नाही. याउलट बालकामगार कायद्यात कमाल मर्यादा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात मदत आणि मनोरंजन क्षेत्रातले कलाकाराचे काम एवढे दोनच अपवाद आहेत. घरच्या मदतीला दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, आणि ती शाळेच्या वेळेत किंवा संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत घेता येत नाही. मालिकेत काम करणाऱ्या मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. शाळा आणि शिकवणी मिळून दहा तास बसणाऱ्या मुलाला मात्र असे कोणतेच संरक्षण नाही, कारण अभ्यासाला कोणी श्रम मानत नाही.

त्या बाजूला जे काही आहे ते धोरणाच्या स्वरूपात आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, आणि तिसरी ते पाचवीत तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा असावा. आठवड्याला, दिवसाला नव्हे. हे वाचून अनेक पालकांना नवल वाटेल. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचे आदेश काढले, ते मुलांच्या झोपेचा विचार करूनच. खासगी शिकवणीवर्गांनी १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये दिल्या आहेत. धोरण आणि कायदा यांत फरक हा, की धोरण मोडल्यास शिक्षा नाही. परंतु शाळेशी बोलताना पालकाच्या हातात शासनाचा कागद असणे ही लहान गोष्ट नाही.

मुलींचा मुद्दा इथे वेगळा सांगावा लागतो. शाळेतून आल्यावर पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे, भाकरी थापणे यांत तिची संध्याकाळ जाते, आणि हे काम व्यवसायातली मदत नसल्याने कोणत्याच तपासणीत येत नाही. तिला मैदानावर जायला वेळ नसतो, आणि वयात आल्यावर वेळ असला तरी जाऊ दिले जात नाही. कराराच्या समितीने आपल्या स्पष्टीकरणात मुलींवरच्या या घरकामाच्या ओझ्याचा उल्लेख केला आहे. आपल्या कायद्यात त्याला अजून जागा नाही. दिव्यांग मुलांबद्दल मात्र २०१६ च्या अधिनियमाची कलमे २९ आणि ३० सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि क्रीडा यांतला सहभाग थेट शासनाचे कर्तव्य म्हणून मांडतात. मोकळ्या वेळेचा हक्क इतक्या स्पष्ट शब्दांत भारतीय कायद्याने लिहिलेला मला इतरत्र दिसलेला नाही.

तक्रार कुठे आणि कशी

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करावी. अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळा वगळता इतर शाळांत ही समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, म्हणून मैदान, ग्रंथालय, खेळाचा तास हे विषय तिच्या सभेत मांडून कार्यवृत्तात नोंदवून घ्यावेत. तिथे काम झाले नाही तर आरटीईच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. ग्रामीण भागात व्यवहारात ती गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, शहरात महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे दिली जाते. अर्जात घटना, तारीख आणि आरटीईचे कलम लिहावे आणि पोच घ्यावी, कारण निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत त्या अर्जावरून मोजली जाते. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. आयोग चौकशी करू शकतो, अधिकाऱ्यांना समन्स काढून बोलावू शकतो, शासनाला शिफारस करू शकतो आणि स्वतः उच्च न्यायालयातही जाऊ शकतो. त्याच्या शिफारशी मात्र न्यायालयाच्या हुकमासारख्या बंधनकारक नसतात, म्हणून गंभीर प्रकरणात उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उघडा ठेवावा लागतो. मुलाला मारहाण झाली असेल किंवा ते कामाला जुंपलेले असेल तर १०९८ या हेल्पलाइनवर दिवसरात्र कधीही कळवता येते.

कलम ३२ मध्ये तक्रार ‘कोणतीही व्यक्ती’ करू शकते असे म्हटले आहे. ती पालकच असावी अशी अट नाही. शेजारी, शिक्षक, गावातली संघटना, आणि स्वतः मूलही ती करू शकते. कराराचा अनुच्छेद १२ स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबीत मत मांडण्याचा हक्क मुलाला देतो. त्यामुळे सहावीतल्या मुलांनी सह्या करून ‘आमचा खेळाचा तास परत द्या’ असा अर्ज मुख्याध्यापकांना दिला, तर त्याला आगाऊपणा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. तो आवक नोंदवहीत चढवून समितीच्या पुढच्या सभेपुढे ठेवला पाहिजे.